पप्पूची कुंची

मी एक जुनी कुंची आहे, मित्रांनो. कुंची म्हणजे काय, हे आता तुमच्यातल्या बऱ्याच जणांना सांगावं लागतं, कारण हल्ली बाळांना सशाचे कान लावलेल्या तयार टोप्या घालतात. मी तान्ह्या बाळाचं डोकं झाकते, कान झाकते आणि मागे पाठीवरून कमरेपर्यंत उतरते. हनुवटीखाली माझे बंद बांधले की बाळ एखाद्या इवल्या म्हातारीसारखं दिसतं. सशाच्या कानांना हे जमायचं नाही. थोडा गर्व आहे मला, पण म्हातारपणी एवढं चालायचंच.

माझा जन्म परभणी जिल्ह्यातल्या वालूर गावचा. चांगुणाबाईला पहिली मुलगी झाली, सुकेशनी. तिच्यासाठी चांगुणाबाईने आपल्या लग्नातल्या निळ्या लुगड्याचा पदर फाडला आणि मला हाताने शिवलं. आत नवऱ्याच्या जुन्या धोतराचं अस्तर लावलं. धोतर जितकं जुनं तितकं मऊ असतं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

आमच्या वस्तीत एक रीत होती. मूल पोटात असताना त्याच्यासाठी काही शिवायचं नाही, आणायचं नाही, कुणाकडे मागायचं नाही. ते जन्मलं की मगच दुसऱ्या लेकराचा वापरलेला कपडा मागून आणायचा आणि पहिल्यांदा तोच अंगावर घालायचा. चांगुणाबाईच्या सासऱ्यांनी छप्पन साली धम्माची दीक्षा घेतली. घरातले देव गेले, उपासतापास गेले, पण ही रीत मात्र कुठल्याशा कोपऱ्यात राहून गेली. मला तिची तक्रार नव्हती. वस्तीत बाळ जन्मलं की कुणीतरी दारात येऊन म्हणायचं, "चांगुणाबाई, कुंची द्या." मी जायचे, महिना-दोन महिने राहायचे आणि काजळाचा एखादा डाग घेऊन धुऊन परत यायचे. माझ्या सुखाचे दिवस ते.

सुकेशनी शाळेत जायला लागल्यावर चांगुणाबाईला मुलगा झाला. त्याला सगळे पप्पू म्हणत. त्याचे डोळे बारीक, तिरपे, मान मऊ, आणि तो रडायचाही हळू. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. माझ्यासाठी डोकं म्हणजे डोकं. पण वर्ष सरलं, दुसरं सरलं, तरी पप्पू चालेना, बोलेना, तेव्हा लोक कुजबुजायला लागले. त्याला डाऊन सिंड्रोम आहे हे नाव घरात फार उशिरा आलं. तोवर वस्तीने त्याला 'भोळा' हे नाव देऊन टाकलं होतं.

आणि मित्रांनो, त्यानंतर मला कुणी मागितलं नाही. शेजारच्या पारूबाईच्या सुनेला मुलगा झाला, तेव्हा तिने पलीकडच्या घरातून एक फाटकी बंडी मागून नेली. ती आमच्याच दारावरून नेली. चांगुणाबाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. तिने पाहिलं आणि पुन्हा सुपात बोटं घातली. मला फार लागलं ते.

पप्पू मात्र मला सोडत नव्हता. मी त्याला लहान झाले तरी तो मला डोक्यावर ओढून घ्यायचा आणि गल्लीत मिरवायचा. चालता चालता मध्येच उकिडवा बसायचा. कितीही ओढा, उठायचा नाही. पोरं हसायची. चांगुणाबाई चिडायची, "लय हट्टी हाय हे पोरगं." त्याचे ओठ काळेनिळे पडायचे, पण ते थंडीने असेल असं सगळ्यांना वाटायचं. एका उन्हाळ्यात तो असाच बसला तो उठलाच नाही. मातीला आलेल्या एक-दोघी म्हणाल्या, "सुटला बिचारा." चांगुणाबाई त्या बायकांशी पुन्हा कधी बोलली नाही. मी पत्र्याच्या पेटीत गेले.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. सुकेशनी शिकली, मास्तरीण झाली. मानवतच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून असलेल्या सिद्धोधनशी तिचं लग्न झालं. पण तिला मूल होईना. दर उन्हाळ्यात चांगुणाबाई मला ऊन दाखवायला बाहेर काढायची, मांडीवर पसरायची, बंद सरळ करायची. तिच्या बोटांतून मला कळायचं की यंदाही नाही. माणूस किती वाट बघतो हे तुम्हाला ठाऊक असेल. पेटीतलं कापड त्याहून जास्त बघतं.

मग सुकेशनीने चाळिशी ओलांडली आणि तिला दिवस गेले.

त्या दिवशी मी चांगुणाबाईच्या मांडीवरच होते. अंगणात ऊन होतं. सुकेशनी आणि सिद्धोधन मानवतहून आले होते आणि दोघांचेही चेहरे उतरलेले होते. इतक्यात पारूबाई येऊन टेकली.

"दवाखान्यात तपासायला जायलेत म्हणं," ती म्हणाली. "पोरगं हाय का पोरगी, बघून घ्यावं. एवढ्या उशिरानं होयालंय, तर पोरगंच असलेलं बरं."

"मावशी, ते बघणं गुन्हा हाय," सुकेशनी म्हणाली. "बघणाराला बी शिक्षा, बघायला सांगणाराला बी. दवाखान्यात भिंतीवर पाटी हाय तशी."

"मग काय बघायलेत?"

सुकेशनीने पदर सारखा केला. पारूबाईला थोड्या वेळाने आपल्या चुलीवरचं दूध आठवलं. ती गेल्यावर चांगुणाबाईने तोच प्रश्न विचारला.

सुकेशनीने सांगितलं. या वयात बाळंतपण म्हणून परभणीच्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं होतं. बाळ पप्पूसारखं असण्याची शक्यता जास्त दिसत होती. शक्यताच, खात्री नाही. खात्री हवी असेल तर पोटातलं पाणी सुईने काढून तपासावं लागतं, आणि त्या सुईने क्वचित गर्भ दगावतो.

"मामी, मी म्हणतोय सुई नको," सिद्धोधन सासूला म्हणाला. "इतक्या वर्षांनी आलंय. त्याला सुई लावायचा धीर होईना मला."

"आणि मला न कळता राहवत न्हाई," सुकेशनी म्हणाली.

चांगुणाबाईचा हात माझ्यावर थांबला होता.

"कळल्यावर काय करणार?" तिने विचारलं. "पप्पूसारखं असंल तर नको म्हणणार का? तवा अशी सुई असती आन मी लावून घेतली असती, तर माझं लेकरू आलंच नसतं. मग तपासायचं म्हंजी काय गं? माझ्या पप्पूला चूक म्हणायचं?"

"माय, तसं न्हाई."

"तसंच हाय. मग ही कुंची बी नको असंल तुला. कुणालाच नको हाय ती."

मी सुकेशनीकडे बघत होते. ती नाही म्हणेल, लगेच म्हणेल, असं मला वाटलं होतं. हिचंच डोकं मी पहिल्यांदा झाकलं होतं. पण तिने पिशवी उचलली. चहा न घेताच दोघं एसटीला गेली. चांगुणाबाईने मला घडी न घालता पेटीत टाकलं. सांगायला लाज कसली, मला त्या वेळी वाटलं की आता आपल्याला फाडून पोतेरं केलं तरी हरकत नाही.

सुकेशनी पुढच्या रविवारी एकटीच आली. पेटी उघडण्याचा आवाज आला आणि उजेडात तिचा चेहरा दिसला. तिने मला काढून आपल्या पोटाशी धरलं. चांगुणाबाई दाराशी उभी होती.

"त्या दिवशी मला बोलता आलं न्हाई," सुकेशनी म्हणाली. "खोटं कशाला बोलू, माय. मला भ्या वाटत होतं. अजून वाटतंय. मी साठीला टेकीन तवा ते विशीच्या आतच असंल. आमच्या मागं त्याला कोण बघंल? तुझ्या पप्पूला चूक म्हणायला न्हाई गेले मी. मी माझ्या भ्याला उत्तर शोधायला गेले होते."

"घावलं का?"

"न्हाई. आठ दिवस एकच इचार केला. सुईनं सांगितलं पप्पूसारखंच हाय, तर मी काय करीन? दर बारीला एकच येत होतं. मी ठेवीन. मग ठेवायचंच हाय तर त्याला सुई कशाला? एखादीला सुई घ्यावी वाटली, तिचं काई वेगळं ठरलं, तर ते तिचं खरं. माझं हे खरं."

चांगुणाबाईने डोळे पुसले. पण सुकेशनीचं संपलं नव्हतं.

"पण एक बघणार हाय मी. काळीज. अशा लेकरांचं ते बघून घ्यावं म्हणाल्या डॉक्टरबाई. पाचव्या महिन्यात पोटावरून मशीन फिरवून दिसतंय, सुई लागत न्हाई. ते कोण हाय, हे ते आल्यावर मी बघीन. त्याला काय लागंल, तेवढं मला आताच पाहिजे. तू बी चल माझ्यासंग. आन कुंची दे."

"आता? जलमायच्या आधी मागू नये बाई."

"लोकं आधी मागत नव्हते आन मग नंतर बी न्हाई मागितली," सुकेशनी म्हणाली. "मी आधीच मागते."

अशी मी आयुष्यात पहिल्यांदा परभणीला गेले, सुकेशनीच्या पर्समध्ये. तपासणीच्या खोलीत अंधुक उजेड होता. सिद्धोधन बाहेर बसला होता, चांगुणाबाईला आत येऊ दिलं होतं आणि अर्धवट उघडी पर्स तिच्या मांडीवर होती. पडद्यावर काहीतरी इवलंसं उघडझाप करत होतं. डॉक्टरबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी शांतपणे सांगितलं की हृदयाच्या पडद्याला छिद्र आहे. घाबरायचं नाही, पण बाळंतपण गावात करायचं नाही. जिथे लहान मुलांच्या हृदयाचे डॉक्टर आहेत अशाच मोठ्या दवाखान्यात करायचं. असं छिद्र पुढे ऑपरेशनने बहुतेक वेळा बुजवता येतं.

सुकेशनीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी ती मान हलवून एकेक गोष्ट विचारून घेत होती. चांगुणाबाई पडद्याकडेच बघत होती.

"बाई," ती म्हणाली, "माझं एक लेकरू होतं. चालता चालता खाली बसायचं. ओठ निळे पडायचे. त्याच्यावर हे मशीन फिरवलं असतं, तर दिसलं असतं का?"

डॉक्टरबाईंनी मशीनवरचा हात काढला. "दिसलं असतं, आजी. श्वास पुरत नाही म्हणून बसतात ती मुलं. बसलं की त्यांना जरा बरं वाटतं."

चांगुणाबाईने पर्स घट्ट धरली. पर्सवरची तिची बोटं मला कापडातूनही लागत होती.

"म्हंजी हट्टी नव्हतं माझं लेकरू," ती म्हणाली.

आता मी मानवतला सुकेशनीच्या कपाटात, दवाखान्याच्या पिशवीत सगळ्यात वर आहे. माझे बंद नवे लावले आहेत. बाळ पप्पूसारखं असेल की नसेल, कुणालाच ठाऊक नाही, मलाही नाही. मी फक्त वाट बघते आहे. इतकी वाट मी पेटीतही बघितली नव्हती, कारण तेव्हा कुणी येणार आहे हे मला माहीत नव्हतं.

मित्रांनो, एक मागणं आहे. तुम्ही कधी ना कधी कुणाचं तरी बाळ बघायला जाल. पप्पूला बघायला आलेली माणसं त्याचं तोंड बघून गप्प व्हायची, आईच्या हातात काहीतरी ठेवून निघून जायची. तसं करू नका. जवळ बसा. त्याचं नाव विचारा, त्या नावाने त्याला हाक मारा. ते बाळ आमचं असेल तर मी त्याच्या कानांवर असेन, पण माझं कापड आता फार विरलं आहे. बाहेरचं सगळं आत ऐकू जातं.