नाव दादाजींचे, शेअर रंभाबाईंचा

मित्रांनो, मी एक जुना शेअर दाखला आहे. शेअर म्हणजे कंपनीतला हिस्सा, आणि मी त्या हिश्श्याचा कागद. १९७३ साली टपालाने एकोडीला दादाजींच्या घरी आलो, तेव्हा माझा तोरा काही औरच होता. जाड कागद, भोवती हिरवी वेलबुट्टी आणि मधोमध दादाजींचे नाव. तेच नाव कंपनीच्या सभासदांच्या यादीतही होते.

पुढे दादाजींनी मला शेजारच्या रंभाबाईंना विकले. त्या विधवा, पदरी एकच मुलगी, तुळसा. तिच्यासाठी काही मागे असावे म्हणून त्यांनी मला घेतले. बैलबाजारात दावे हाती दिले की बैल घेणाऱ्याचा होतो. दादाजींनी मला तसेच त्यांच्या हाती दिले. सही केलेला हस्तांतराचा फॉर्म कंपनीकडे धाडावा लागतो, हे दोघांच्या गावीही नव्हते. लाभांश दादाजींच्याच नावाने येई आणि ते तो इमानाने रंभाबाईंना नेऊन देत.

१९८२ साली दादाजी वारले. लाभांश येईना, तेव्हा रंभाबाई मला घेऊन त्यांच्या घरी गेल्या. दादाजींच्या मुलाने, इश्वरने, मला वाचले.

"काकी, याच्यावर त बाबाचं नाव आहे. कंपनी आमालेच मालक मानते."

मला फार वाईट वाटले. ज्या बाईने मला जिवापाड जपले, तिच्याविरुद्ध माझाच चेहरा साक्ष देत होता.

दादाजींच्या पत्नी गोदावरीबाई चुलीपासून उठून आल्या. "इश्वर, तुह्या बापानं माह्यासमोर इच्या हातात देल्ला हा कागद. नाव रायलं म्हून का वस्तू आपली झाली?"

"पन माय, सही कराले बाबा कुठं आहेत?"

"मी आहो ना."

भंडाऱ्याच्या कोर्टात त्यांनी कितीतरी हेलपाटे घातले. वारसाचा दाखला मिळाला, शेअर आधी त्यांच्या नावावर झाला, आणि मग त्यांनी फॉर्मवर सही केली. घेणाऱ्याचे नाव लिहिताना इश्वरने रंभाबाईंकडे पाहिले.

"माह्यासंगं तुळसाचंबी लिव बापा," त्या म्हणाल्या. "आता सज्ञान झाली ते. माह्या मांगं तिच्यावर अशी कोनाच्या दारी उभं राहाची पाळी नोको येवो."

मी कंपनीकडून परत आलो तेव्हा माझ्या पाठीवर दोघींची नावे होती. दोन वर्षांनी रंभाबाई गेल्या. तुळसाला कोणाच्या दारी जावे लागले नाही.

मित्रांनो, आम्हा कागदांना पेटीत जपता, हे चांगलेच. पण आमच्यावर नाव कोणाचे आहे, तेही वेळेवर पाहा. प्रत्येक घरात गोदावरीबाई नसतात.