ठरलेला दर

मढच्या कोळीवाड्यातला पहिला बी.कॉम. म्हणजे लहू कोळी. आई गेली तेव्हा तो रांगत होता. त्याला वाढवलं थोरल्या बहिणीनं, अंजनाबाईनं. तिचं लग्न गावातच झालं, आणि सासरी जाताना तिनं या भावाला कडेवर घेऊनच उंबरा ओलांडला, असं जुन्या बाया अजून हसत सांगतात. पुढं तिचा नवरा समुद्रात गेला तो परत आला नाही. दुसऱ्या कुणी होडी विकली असती. अंजनाबाईनं खलाशी ठेवले, मुलगा अनंता हाताशी आल्यावर त्याला तांडेल, होडीवरचा म्होरक्या, केलं, आणि होड्या लागल्यावर मासळीचा भाव ठरवायला बसणाऱ्या बायकांमध्ये शेवटचा शब्द तिचा झाला.

लहू नोकरीला लागला तो मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, चंद्रप्रकाश सामंतांकडं. सामंत मालवणकडचे. वडील गिरणीत होते, यांनी मात्र कोळंबीच्या धंद्यात उडी घेतली. एक शेड, बर्फाचं यंत्र, कोळंबी सोलायला बसणाऱ्या बायका, आणि जपानमधला एक खरेदीदार. माल गोठवून बोटीनं जायचा, पैसे येनमध्ये यायचे. लहू बँकेचं काम बघायचा.

पंच्याऐंशी साली नारळी पौर्णिमेच्या आधी जपानहून मोठी ऑर्डर आली. तिकडं वर्षअखेरीला कोळंबीला फार मागणी असते. सामंत खूश झाले, पण त्यांना धास्तीही होती. मागं एकदा माल गेला आणि पैसे येईपर्यंत येनचा दर घसरला. सगळा नफा वाटेतच विरला होता.

"लहू, या वेळी जुगार नको," ते म्हणाले. "बँकेत जा आणि फॉरवर्ड करून टाक."

म्हणजे डिसेंबरात जे येन येतील, ते आजच ठरवलेल्या दरानं बँकेला विकायचे. मधल्या काळात येन खाली जावो की वर, दर तोच. लहूनं करारावर सामंतांची सही घेतली आणि कागद बँकेत दिला. अंधेरी स्टेशनकडं चालताना त्याला वाटलं, आपल्या गावाला असं काही कधी मिळालं नाही. माल जास्त आला की दलाल भाव पाडतो आणि बाया रडत घरी येतात. सामंतांना दर पक्का मिळाला, तर तो खाली गावापर्यंत का जाऊ नये?

त्यानं सामंतांना विचारलं. सामंतांनाही ते पटलं. त्यांना माल पक्का हवाच होता.

त्या रविवारी लहू मढला गेला. अंजनाबाई ओट्यावर जाळ्याचा फाटका भाग सांधत बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे दर्यात कोळंबी कितीबी आली, तरी भाव तोच?"

"तोच, बाय."

"तुझा शेट मधेच फिरला तर?"

"नाय फिरणार. त्याचाबी बँकेशी दर बांधलेला हाय."

तिनं सुई थांबवली. "आनि भाव वर गेला तर? तवा आमी फिरायचा नाय, असाच ना?"

"असाच."

"मग मी बायांशी बोलते," ती म्हणाली. "पन लहू, मी बोलले म्हंजे ती माझी जबान. तुझ्या शेटची नाय."

बाया कबूल झाल्या. सणाला नारळ समुद्रात गेले, होड्या बाहेर पडल्या. पहिले काही आठवडे सगळं झकास चाललं. मरोळहून टेम्पो यायचा, कोळंबी तोलून बर्फात भरायचा आणि जायचा. घासाघीस नाही, शिव्या नाहीत. बाया लहूला बघून म्हणायच्या, "शिकला तो आमच्या कामाला आला गो."

सप्टेंबर सरता सरता वर्तमानपत्रात बातमी आली. पाच बड्या देशांनी अमेरिकेत बसून डॉलर खाली आणायचं, म्हणजे येन वर न्यायचं, ठरवलं होतं. लहूनं ती वाचली आणि दुसऱ्या दिवशी बँकेत येनचा दर विचारला. दर चढला होता. पुढच्या आठवड्यात आणखी चढला. दिवाळीपर्यंत तो इतका वर गेला होता की बँकेतला अधिकारी म्हणाला, "तुम्ही फॉरवर्ड केलं नसतं तर चांदी होती, राव."

सामंत मात्र शांत होते. "आपला हिशेब आपल्या दरात बसतो. दुसऱ्याच्या ताटात बघायचं नाही," असं ते लहूला म्हणाले, आणि ते खरंच होतं. माल वेळेवर गेला असता तर कुणाचंच काही बिघडलं नसतं.

पण वर्सोव्याला एक दलाल होता. त्याच्या निर्यातदारानं कुठलाही दर बांधला नव्हता. त्याला चढ्या येनचे पूर्ण पैसे मिळत होते आणि त्यातले थोडे तो कोळंबीवर उधळू शकत होता. दलाल खाडी ओलांडून मढला आला. टेम्पो यायच्या आधी यायचा आणि रोख द्यायचा.

गावातून लहूला निरोप गेला. तो आला तेव्हा बाया वाळूवर घोळका करून बसल्या होत्या. द्रौपदी म्हणून एक होती, तोंडाची फटकळ. तिनंच सुरुवात केली.

"काय रं लहू, जपानचा पैसा म्हाग झाला म्हंतात. मग आमची कोळंबी सवस्त कशी?"

"मावशी, शेटला पन वाढलेला पैसा मिळत नाय. त्यांनी आधीच दर बांधलाय."

"मग कोनाला मिळतो?"

लहू अडखळला. "बँकेला म्हन."

"बँक कोळंबी खाते काय?"

सगळ्या हसल्या. लहूही हसला, पण आपण इथं काहीच समजावू शकणार नाही, हे त्याला त्या हसण्यातच कळलं. त्यानं खाली जाणाऱ्या दराची भीती सांगितली. दर तर खाली गेलाच नव्हता. त्यांच्या डोळ्यांसमोर होता तो चढलेला दर, आणि शेजारणीच्या कनवटीला लागलेली नोट.

अंजनाबाई घोळक्यातच होती. आता ती उठली. "मी जबान दिली. माझ्या होडीचा माल मरोळला जाईल. तुमी तुमचा बघा."

दलाल तिच्या होडीपाशीही आला, तेव्हा तिनं त्याला सगळ्यांदेखत हाकलून दिलं. पण हळूहळू एकेक होडी दलालाकडं गेली. कुणी उघड, कुणी टेम्पोवाल्याला "आज जाळ्यात काय नाय गावला" असं सांगून. सामंतांच्या शेडमध्ये सोलायला बसणाऱ्या बायका दुपारीच घरी जाऊ लागल्या.

आणि मग अनंता बोलला. जेवताना बोलला, बायको जया वाढत असताना.

"आये, रात रात दर्यात मी काढतो. माझ्या बाजूची होडी माझ्याच मालाला सव्वापट भाव घेते. लोक मना हसतात."

"हसू दे."

"मामाच्या नोकरीसाठी चाललाय ह्यो सगळा!"

अंजनाबाईनं ताट सरकवलं. "लहूसाठी नाय. मी सगळ्यांच्या म्होरं बोललेय."

"त्या सगळ्या फिरल्या, आये! तू एकटी कोनाशी पाळतेस?"

 दुसऱ्या दिवशी अनंता दुसऱ्याच्या होडीवर तांडेल म्हणून गेला. आठवड्याभरात त्याच घराच्या मागच्या पडवीत जयानं वेगळी चूल मांडली. मांडताना ती रडत होती, आणि सासूनं तिला चार विटा आपल्या हातानं उचलून दिल्या.

लहूला हे कळलं तेव्हा तो सामंतांकडं गेला. "साहेब, थोडा तरी भाव वाढवू या."

सामंतांनी डोकं धरलं. "कुठून वाढवू रे? माझा दर बांधलेला आहे. त्याच दरावर जबान दिली मी तुझ्या गावाला. एका बाजूनं मी बांधलेला आणि दुसऱ्या बाजूनं सगळे मोकळे."

डिसेंबर आला. जपानला जायचा होता त्याच्या निम्माही माल जमला नव्हता. खरेदीदारानं उरलेली ऑर्डर रद्द केली. लहू बँकेत गेला आणि अधिकाऱ्याला म्हणाला, "माल गेला नाही, तर तेवढा करार आपण सोडून देऊ."

अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्यानं लहूला बसायला सांगितलं, चहा मागवला. "सोडून देता येत नाही, कोळी. तुम्ही आम्हाला येन विकलेत. तुमच्याकडं ते नाहीत, म्हणजे आजच्या बाजारात विकत घेऊन द्यायचे. आजच्या दरानं घ्यायचे आणि तेव्हाच्या दरानं आम्हाला द्यायचे. मधला फरक तुमचा."

"पण आम्ही तर नुकसान टाळायलाच केलं होतं."

"माल आला असता तर टळलं असतं ना," तो म्हणाला, आणि त्यानं नजर दुसरीकडं वळवली.

लहू चहा न पिताच उठला. न पकडलेल्या कोळंबीचे येन विकत घ्यायचे होते. त्यानं येऊन सामंतांना हे सांगितलं. सामंतांनी ऐकलं, खिडकीतून शेडकडं बघितलं आणि एवढंच म्हणाले, "वाट लागली." मग लहूकडं वळून, "उद्यापासून टेम्पो पाठवू नकोस. बर्फाचं यंत्र बंद करतोय. घेतलेल्या मालाचं मी देईन, घर विकून देईन. पण आता नवा माल उचलायची ऐपत नाही."

सकाळी लहू पहिल्या तरीनं खाडी ओलांडून मढला गेला.

त्या दिवशी दर्यानं भरभरून दिलं होतं. अंजनाबाईच्या होडीनं साऱ्या हंगामात एका दिवसात एवढी कोळंबी आणली नव्हती. खलाशी परके, पण तेही खुशीत होते. तिनं गावातल्या बर्फवाल्याकडचा होता नव्हता तो सगळा बर्फ घेतला होता. टोपल्या ओळीनं लावून, वर ओली किंतानाची पोती टाकून ती रस्त्याकडं तोंड करून उभी होती. लहूला चालत येताना पाहून तिचा चेहरा उजळला.

"बघ रे, लहू! आता तुझ्या शेटचा माल भरेल. टेम्पो मागनं येतो ना?"

लहूला वाटलं, पायाखालची वाळू सरकावी आणि आपण आत जावं.

"बाय, टेम्पो येनार नाय."

"बिघडला?"

"कंपनी बंद झाली."

तिला नीट ऐकू आलं नाही असं वाटून त्यानं पुन्हा सांगितलं. करार, बँक, येन, सगळं सांगत सुटला. ती ऐकत नव्हती. किंतानाखालून बर्फाचं पाणी वाळूत झिरपत होतं, ती त्याकडं बघत होती.

दलालाचा माणूस अजून तिथंच होता. लहू त्याच्याकडं धावला. माणूस म्हणाला, "आमची गाडी भरली. आणि तुझ्या बहिणीनं आमच्या शेटला सगळ्यांदेखत हाकलला होता, विसरलास?"

ऊन चढलं. तेवढ्यात अनंता समोरच्या होडीवरून उतरून आला. त्यानं एक टोपली उचलली. "आये, मी मालाडला घेऊन जातो. जेवढा जाईल तेवढा जाईल."

"ठेव खाली."

"आये..."

"ठेव म्हनते ना. तू दुसऱ्याचा तांडेल."

त्यानं टोपली ठेवली. तो तिथंच उभा राहिला, मोठा बाप्या माणूस.

मग द्रौपदी आली. तिच्यामागून आणखी दोघी, मग आणखी. कुणी बोलावलं नव्हतं. त्या टोपल्यांभोवती उकिडव्या बसल्या आणि कोळंबी सोलायला लागल्या. निदान सोडे सुकवून थोडं काही हाती लागेल म्हणून. ज्यांनी शब्द मोडला होता त्याच होत्या या. द्रौपदी मान खाली घालून म्हणाली, "बस गो अंजना, तूबी बस."

अंजनाबाई बसली नाही. तिनं कमरेचा पदर सोडला, हात धुतले, आणि पाठ करून घराकडं चालायला लागली. लहू मागं गेला. दारात तिनं त्याला अडवलं नाही, आत ये असंही म्हटलं नाही. तो बाहेर उभा राहिला आणि मग परतला.

सामंतांनी शेड विकली, अंधेरीचं घर विकलं, सगळ्यांचे पैसे चुकते केले आणि ते मालवणला निघून गेले. अंजनाबाईनं त्या हंगामानंतर होडी विकून टाकली. भाव ठरवायला ती पुन्हा कधी बसली नाही. अनंता आणि जया मनोरीला राहायला गेले.

लहूला घाटकोपरला एका औषध कंपनीत नोकरी मिळाली. मढला तो जायचा, पण बहीण घरी सापडायची नाही. कधी बाजारात, कधी कुणाच्या लग्नात. ती टाळते आहे हे कळायला त्याला बराच काळ लागला.

अठ्ठ्याऐंशी साली एकदा तो मुद्दाम मालाडच्या बाजारात गेला. ती सुकट, बोंबील, सोडे मांडून बसली होती. केस पांढरे झाले होते. त्याला बघून ती दचकली नाही. बाजूचं रिकामं खोकं तिनं हातानं झाडलं.

"बस. जेवलास?"

"जेवलो."

दोघं बसून राहिले. एक गिऱ्हाईक आलं, गेलं. लहूचा धीर सुटला. "बाय, मी काय वाईट करायला गेलो नव्हतो गो. भाव पडला असता तर तुमचाच..."

"मना ठावं हाय," ती म्हणाली. "तुझ्यावर राग नाय माझा. तुझ्या शेटवर पन नाय. तो भला मानूस होता."

"मग घरी का भेटत नाहीस?"

तिनं सोड्यांवरची माशी हाकलली. 

"तुला कडेवर घेऊन फिरले मी, लहू. आनि आता तू दिसलास का मना त्या टोपल्या दिसतात. पानी गळतंय, गळतंय, आनि सगळा गाव बघतोय." तिनं सोड्यांचा ढीग हातानं सारखा केला. "तू नको येत जाऊस रे. मीच कवातरी येईन. मना होईल तवा येईन."

लहू उठला. बाजारातून बाहेर पडून तो रस्त्याच्या कडेला थांबला आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता रडला. मग घाटकोपरची बस आली, आणि तो तीत चढला.

अंजनाबाई त्याच्या घरी कधी आली नाही.