बिनदांडीचा ठिपका

तिने नखाने खरवडलं आणि ठिपका चक्क निघाला. कागद पांढरा, नखात काळपट भुकटी. माशीची घाण! तिने बोट अंगापासून लांब धरलं.

जुन्या प्रयोगाचा तो छापील आलेख. प्रोटॉनवर प्रोटॉन आदळले की कुठल्या कोनात किती उडतात, ते ठिपक्यांनी मांडलेलं. मूळ आकडे कुणी जपले नव्हते, म्हणून चार वर्षांपूर्वी तिनेच पट्टी लावून एकेक ठिपका वाचला होता. प्रत्येकाला मोजमापातली शंका दाखवणारी उभी दांडी. या एकालाच नव्हती. "इतकं अचूक मोजलंय की दांडी दिसतच नाही," विभागप्रमुख सर म्हणाले होते. झालं! गणितात त्यालाच सगळ्यात जास्त वजन. गणितातून निघणारी रेषा काही केल्या त्या ठिपक्यापर्यंत पोचेना, तेव्हा सरांनी प्रोटॉनच्या गाभ्याच्याही आत एक कठीण बी बसवली. त्या बीवर सरांनी गावोगाव व्याख्यानं झोडली, एक पदकही पटकावलं. आणि परवा तिची मुलाखत. नऊ वर्षं कंत्राटावर काढल्यावर नोकरी कायम व्हायची होती, ती या बीवर दोघांनी लिहिलेल्या लेखाच्या जोरावर, सरांच्याच शिफारशीने.

आज ग्रंथालयात त्याच आलेखाची दुसरी प्रत सापडली. तीत तो ठिपका नव्हताच, म्हणून तर तिने नख लावून पाहिलं.

ती सरांच्या खोलीत गेली. "सर, आपली बी माशीने टाकलीय."

सरांनी दोन्ही कागद पाहिले, रुमालाला बोटं पुसली. "कुणाला दाखवलंस?"

"नाही अजून."

"मग झालं तर. बी जरा लहान करू."

"बाकीच्या ठिपक्यांना बी लागतच नाही, सर. करून बघितलं मी."

"अगं, परवा मुलाखत आणि तू माश्या मारत बसलीस?" सर खो खो हसले. "चहा घे, जा."

त्या हसण्याची तिला जी शिसारी आली, ती माशीचीही आली नव्हती. माशी बिचारी बसली आणि उडून गेली. तिने निदान व्याख्यानं तरी दिली नाहीत.

जागेवर येऊन तिने संपादकांना लिहिलं: ठिपका चुकीचा वाचला, चूक माझी, लेख मागे घ्यावा. पाठवलं. मग साबणाने दोनदा हात धुतले आणि नवऱ्याला फोन लावला.

"अहो, नोकरीचं काही खरं नाही. परवा कुणी मला उभंही करणार नाही."

"का गं? काय झालं?"

"माशी."

तो म्हणाला, "बरं. ये घरी. जेवायला थांबतो."

तिने नखाकडे पाहिलं. "चमचा काढून ठेवा माझ्यासाठी."