चाळिसाव्याचं फुलपाखरू

अळीला बोट लागलं मात्र, तिनं मानेमागून लाल-केशरी शिंग बाहेर काढलं आणि जोव्हेलिनच्या नाकात तो वास शिरला. नासलेलं दही, त्यात कालची ओकारी. तिनं बोट मातीत पुसलं, मग चड्डीला पुसलं, मग हुंगून बघितलं. शी. गेला नव्हता. तो असा जातच नाही. फुलपाखरू म्हटलं की लोकांचे डोळे ओले होतात, पण ते आधी काय असतं ते कुणी बघायला येत नाही. आधी पानावर पडलेली पाखराची शीट, मग एक हिरवी लिबलिबीत सुरनळी. दिवसभर खाते, दिवसभर हगते, आणि हात लावला की असा सूड उगवते.

तिनं रोप खड्ड्यात ठेवलं आणि पायानं माती लोटली. कालामान्सीच्या बारक्या लिंबांची रोपं खिडकीखाली, पपनसाची, डोक्याच्या वर गेलेली, कुंपणाला लागून. सगळी आलिंग बेनिताच्या निजायच्या खिडकीतून दिसली पाहिजेत, असा हुकूम होता.

हुकूम रेनान्तेचा, आलिंग बेनिताच्या मुलाचा. त्याचा बाप, शाळेतला माएस्त्रो क्रिस्पुलो, फाटकावरच्या फ्लेक्सवर अजून हसत होता. ‘आमचे लाडके माएस्त्रो’. पुरून आठवडा झाला तरी फ्लेक्स कुणी उतरवला नव्हता. पुरताना पेटीवर एक काळं फुलपाखरू येऊन बसलं आणि रेनान्ते सगळ्यांदेखत गुडघ्यावर पडून ‘पापा, पापा’ करायला लागला. सगळं गाव रडलं. जोव्हेलिननं लांबूनच ओळखलं होतं, तो तिच्याच घरच्या, फुलपाखरं पाळायच्या जाळीतून निसटलेला नर होता. मादीच्या पंखांवर लाल ठसे असतात, लिपस्टिकचं बोट पुसल्यासारखे. याच्यावर एक नव्हता, नुसता काळा कुळकुळीत. मेलेलं माणूस फुलपाखरू होऊन घराकडे फेरी मारतं हे कुणाला शिकवायला नको, पण या गावात अर्धी घरं फुलपाखरंच पाळतात. लग्नाला पाठव, मयताला पाठव. म्हणजे मेलेल्यांची नुसती जत्रा.

चाळिसाव्या दिवशी आत्मा कायमचा निघून जातो. रेनान्तेला ते नको होतं. पापांनी रोज यावं, मम्मीला एकटं वाटू नये, म्हणून अंगणात अशी झाडं लावा की फुलपाखरांनी तिथंच अंडी घातली पाहिजेत, तिथंच वाढलं पाहिजे. एवढं सांगून तो मनिलाच्या बोटीत बसला. जोव्हेलिनच्या आजीनं, लोला पासिंगनं, काम घेतलं आणि नातीच्या गळ्यात घातलं.

‘‘तू एक गोष्ट तडीला नेलेली मला दाखव,’’ लोला म्हणाली होती. ‘‘शाळा अर्धी, शिवणाचा क्लास अर्धा. ही बाग चाळिसाव्याला उडती झाली तर राहा इथं. नाही तर मनिलाला तिया लोर्नाकडं धुणी धुवायला जा. तिला मी कळवून ठेवलंय.’’

शाळा अर्धी राहिली ती माएस्त्रोमुळंच. चुकलं की तो मुठीतल्या अंगठीनं डोक्यात टोला हाणायचा. हसत हाणायचा, वर्गालाही हसायला लावायचा. नववीत एकदा जोव्हेलिननं तो हात हवेतच धरला. मग दप्तर तिथंच टाकून जी निघाली ती परत गेली नाही. आता त्याच माणसानं रोज पंख फडफडवत यावं म्हणून ती उन्हात खड्डे खणत होती. तिला अळीपेक्षा स्वतःचीच जास्त किळस आली.

‘‘दमलीस ना. हे खा.’’

आलिंग बेनिता दारात होत्या, हातात केळीच्या पानात गुंडाळलेले भाताचे सुमान. जोव्हेलिननं रीतीप्रमाणं त्यांचा हात घेऊन कपाळाला लावला. हाताला पावडरचा वास होता. त्या बोलताना डोकं जरा वळवत, उजवा कान पुढं करत. पहिल्याच दिवशी तिच्या ते लक्षात आलं होतं, तेव्हापासून ती आपोआप त्या बाजूला जाऊन उभी राही. बाई झाडांविषयी काही बोलायच्या नाहीत. चांगली आहेत म्हणायच्या नाहीत, नकोत म्हणायच्या नाहीत. नुसत्या खिडकीकडं बघायच्या.

रोपं लोलाच्या जाळीतली, अंडी आणि एखाददुसरी अळी धरलेलीच आली होती. अळ्या सुटल्या, पानांच्या कडा कुरतडल्या जाऊ लागल्या. जोव्हेलिन रोज येऊन बघायची आणि नाक मुरडत का होईना, खूश व्हायची. मग एके दिवशी अळ्या कमी दिसल्या. दुसऱ्या दिवशी आणखी कमी.

आधी तिनं मुंग्यांवर आळ घेतला, बुंध्याला तेलाचं फडकं बांधलं. मग गांधीलमाश्यांचं पोळं जाळलं. मग पालींच्या मागं लागली, एकीला चपलेनं मारलं आणि उगाच मारलं म्हणून दिवसभर चिडचिड केली. लोला जेवताना रोज विचारायची, काय ग, तिया लोर्नाला कुठल्या बोटीचं सांगू. जोव्हेलिन ताट सरकवून उठायची. जाळीतून तिनं नव्या अळ्या चोरून आणल्या, एकेक करून पानांवर ठेवल्या, हातांना तो वास लागला, आणि दुसऱ्या दिवशी पानं मोकळी. पानांवर चिकट नाही, कातडी नाही, काही नाही. मुंगी असं स्वच्छ काम करत नाही.

त्या सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर गेली. आलिंग बेनिता मागच्या दारी नळाजवळ होत्या. जोव्हेलिननं सवयीनं त्यांचा हात घेतला, कपाळाला लावला, आणि तिथंच थांबली.

पावडरच्या खाली तो वास होता.

तिनं हात सोडला नाही. आलिंग बेनितांनीही ओढून घेतला नाही. नळाजवळ एक पत्र्याचा डबा होता, त्यात साबणाचं पाणी आणि पाण्यावर तरंगणाऱ्या हिरव्या, फुगलेल्या सुरनळ्या.

‘‘तुम्ही काढता?’’

‘‘मिठानं धुतला होता मी हात,’’ आलिंग बेनिता म्हणाल्या.

‘‘मिठानं जात नाही.’’

‘‘आधी कोंबड्यांना घातल्या. त्यांनी चोच मारून सोडून दिल्या. अर्धवट, वळवळत.’’ त्यांनी डबा पायानं मागं सारला. ‘‘फार वाईट दिसतं ते. म्हणून मग साबण.’’

जोव्हेलिनचा पारा चढला होता. तिया लोर्नाच्या मोरीतल्या कपड्यांचा ढीग तिला दिसत होता. ती तावातावानं बोलत सुटली. झाडं नको होती तर मुलाला सांगायचं, मला सांगायचं, मी इथं मुंग्यांशी भांडतेय, माझी आजी मला हाकलून द्यायला बसलीय. आणि बोलता बोलता तिच्या ध्यानात आलं की रागाच्या भरात ती चुकीच्या बाजूला उभी आहे. यातलं एक अक्षर बाईंना ऐकू गेलेलं नाही. त्या नुसत्या तिच्या तोंडाकडं बघत होत्या, धीरानं, फार दिवसांच्या सवयीचं असल्यासारख्या.

ती फिरून उजवीकडं आली.

‘‘तू नेहमी बरोबर बाजूला येतेस,’’ आलिंग बेनिता म्हणाल्या. ‘‘रेनान्ते अजून डाव्या बाजूनं बोलतो. त्याच्या कधी लक्षातच आलं नाही.’’

‘‘जन्मापासून ऐकू येत नाही?’’

‘‘नाही. लग्नातली वचनं मी दोन्ही कानांनी ऐकली होती.’’

नळ गळत होता. जोव्हेलिनचा हात आपोआप स्वतःच्या डोक्यावर गेला, भांगाच्या जरा मागं. तिथं आता काही दुखत नव्हतं.

‘‘चाळिसाव्याला तो जाईल म्हणतात,’’ आलिंग बेनिता म्हणाल्या. ‘‘मी दिवस मोजतेय, पोरी. आणि तुम्ही माझ्या खिडकीखाली त्याच्यासाठी खानावळ उघडलीय.’’

मग त्या वाकून डबा उचलायला लागल्या. जोव्हेलिननं तो आधी उचलला. आत न बघता तिनं तो न्हाणीच्या मागं खड्ड्यात उपडा केला आणि वर माती ओढली.

‘‘पपनसाच्या वरच्या फांद्यांना तुमचा हात पोचत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘त्या मी बघते.’’

त्यानंतर दोघी मिळूनच करायच्या. जोव्हेलिन फांदी वाकवायची, चिमटीत धरायची, शिंग बाहेर यायचं, वास सुटायचा. बाई तोंडाला पदरासारखा रुमाल धरून डबा पुढं करायच्या. कोश झालेला एखादा सापडला तर तोही जायचा. मजा अजिबात नव्हती. रोज जेवताना भाताला तो वास यायचा. लोला विचारायची तेव्हा जोव्हेलिन म्हणायची, चाललंय. आपली पिशवी तिनं स्वतःच कपाटावरून खाली काढून ठेवली होती.

चाळिसाव्याला रेनान्ते सकाळच्या बोटीनं आला. अंगण बघून हरखलाच. झाडं अशी वाढली होती, पानं तेल लावल्यासारखी चकाकत होती. त्यानं मोबाइलवर फोटो काढले, आईच्या डाव्या खांद्यावर हात टाकून डाव्या कानाशी काहीतरी बोलला. आलिंग बेनिता हसल्या. मग त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, पण फुलपाखरं कुठायत?

‘‘मुंग्या लागल्या,’’ जोव्हेलिन म्हणाली.

‘‘सगळ्यांना?’’

‘‘सगळ्यांना.’’

तो लोलाकडं वळला. आजी, असलं काम तुम्ही पोरीसोरींवर टाकायला नको होतं, असं तो म्हणाला. गोड बोलला, पण चारचौघांत बोलला. लोला पासिंग कालामान्सीचं एक पान उलटं करून बघत होती, मग दुसरं, मग तिसरं. एकाही नव्या पानाची कड खाल्लेली नव्हती. तिनं नातीकडं बघितलं. जोव्हेलिन फाटकावरच्या फ्लेक्सकडं बघत उभी राहिली. उन्हानं माएस्त्रोचा चेहरा उडाला होता, दात तेवढे राहिले होते.

प्रार्थना बाहेरच्या खोलीत होती. माणसं दाटीवाटीनं बसली होती. जपमाळेमागून जपमाळ चालली होती, मागं पन्सितच्या शेवयांचा आणि लसणाचा वास, लहान पोरांचे डोळे डुकराच्या भाजलेल्या कातडीवर. माएस्त्रो किती प्रेमळ होते ते एकेकजण उठून सांगत होता. शिस्त होती, पण प्रेमानं.

तेवढ्यात खिडकीतून ते आत आलं. काळं, तळहाताएवढं, संथ. कुणाच्या तरी जाळीतलं सुटलेलं. दुसरं काय असणार. पण खोलीतली प्रार्थना तुटली. ते शेवयांच्या परातीवरून गेलं, माएस्त्रोच्या फोटोभोवती फिरलं. बायकांनी छातीवर क्रूस काढले. रेनान्ते गुडघ्यांवर आला. मग ते खाली उतरलं आणि आलिंग बेनितांच्या खांद्यावर बसलं. डाव्या.

‘‘पापा,’’ रेनान्ते म्हणाला.

आलिंग बेनिता हलल्या नाहीत. जपमाळेचा मणी त्यांच्या बोटांत तसाच राहिला. मान ताठ, जणू तो आता पुढं काय करेल याची वाट बघत असाव्यात. त्यांनी नुसते डोळे फिरवले आणि जोव्हेलिनकडं बघितलं.

जोव्हेलिन उठली. माणसांच्या मांड्या ओलांडत गेली आणि दोन बोटांत मिटलेले पंख धरून ते फुलपाखरू उचललं.

‘‘सोड त्यांना,’’ रेनान्ते म्हणाला.

‘‘ही मादी आहे.’’

‘‘काय?’’

‘‘मादी. झाडं बघून अंडी घालायला आलीय. माएस्त्रो नाहीत हे.’’

मागं कुणीतरी पोर फिसकन हसलं आणि त्याला चापट बसली. रेनान्तेचा चेहरा लाल झाला. या मुलीला काय कळतंय, म्हणत तो लोलाकडं फिरला.

‘‘लोला पासिंग, तुम्ही सांगा. तुमचा जन्म यात गेलाय.’’

लोला पासिंगनं मांडीवरची बशी बाजूला ठेवली. गुडघे धरत उठली, चष्मा लावला, नातीच्या बोटांवर वाकली. जोव्हेलिननं पंख उघडून धरले. कडेपासून कडेपर्यंत काळे. एक लाल ठसा नाही. लोला बराच वेळ बघत राहिली. मग तिच्या नाकपुड्या जरा हलल्या. तिनं नातीच्या बोटांकडं बघितलं, आणि तिथून आलिंग बेनितांच्या हाताकडं, जो अजून मणी धरून बसला होता.

‘‘मादीच आहे,’’ लोला म्हणाली. ‘‘बाहेर सोड तिला. लांब नेऊन सोड.’’

खोलीत कुणीतरी श्वास सोडला. प्रार्थना जिथं तुटली होती तिथून पुन्हा सुरू झाली, आणि आलिंग बेनितांच्या बोटांतला मणी पुढं सरकला. रेनान्ते हळूहळू खाली बसला. जोव्हेलिन दाराबाहेर पडली तेव्हा मागं शेवयांना व्हिनेगर कमी आहे यावरून दोन बायकांचं लागलं होतं.

संध्याकाळी दोघी पायीच घरी निघाल्या. उरलेल्या शेवयांचं पातेलं घेऊन लोला पुढं, जोव्हेलिन मागं. ती तिया लोर्नाचं नाव यायची वाट बघत होती. वळण आलं, चर्च मागं पडलं, तरी आलं नाही.

‘‘पहाटे ऊठ,’’ लोला पुढं बघतच म्हणाली. ‘‘जाळीतल्यांचा पाला संपलाय.’’

आणखी थोडं चालल्यावर ती म्हणाली, ‘‘आणि हात राखेनं घास. आठ दिवस माझ्या भातात तो वास येतोय.’’

जोव्हेलिननं बोटं नाकाशी नेली. वास होताच. वर पंखांची पूड होती, नुसती काळी. तिनं ती चड्डीला पुसली आणि लोलाच्या हातातलं पातेलं घेतलं.