भामाबाईंनी धरलेली छत्री

मित्रांनो, वेरूळजवळच्या आमच्या शहरात, गारखेड्यातल्या एका घरात खिडकीजवळच्या खुंटीला मी लटकते आहे. एके काळी माझा रंग हळदीसारखा पिवळाधमक होता. आता तो विटला आहे. माझ्या आठ काड्यांपैकी दोन मोडल्या आहेत, आणि कापडाला एका कडेला चीर गेली आहे. मी जुनी छत्री आहे खरी, पण पावसात मी फारशी भिजलेच नाही. माझे आयुष्य माणसांना वाट दाखवण्यात गेले.

इंद्रजीत नावाच्या एका तरुणाने मला गुलमंडीच्या बाजारातल्या दुकानातून घेतले. तो लोकांना सहलींना नेण्याचा व्यवसाय नुकताच सुरू करत होता. त्याने मला उघडले, डोक्यावर उंच धरले आणि दुकानदाराला विचारले, "लांबून दिसंल का ही?"

दुकानदार हसला. "ही दिसली नाय तर बघणाऱ्याचे डोळे तपासायला न्या."

सुरुवातीला आम्ही वेरूळला आणि दौलताबादला जायचो. गर्दीत इंद्रजीत मला उंच धरी आणि ओरडून सांगे, "छत्रीमागं चला!" की सगळी मंडळी गोळा होऊन मागे चालू लागत. "छत्री दिसली की जीव भांड्यात पडतो," असे एक आजोबा म्हणाले होते. पुढे इंद्रजीतचा जम बसला. आम्ही श्रीलंकेला गेलो, दुबईला गेलो. मला मोठा अभिमान वाटू लागला. मी सर्वांच्या पुढे असे. शेवटी कोण चालते आहे, त्याचे पाय दुखतात का, हे मला कधी दिसलेच नाही.

आता जे सांगणार आहे ते दोन वर्षांपूर्वीच्या मार्च महिन्यात घडले. इंद्रजीत बावीस जणांना घेऊन मोरोक्कोला गेला. आफ्रिकेच्या उत्तर टोकाला असलेल्या त्या देशात फेझ नावाचे फार जुने शहर आहे. निळ्या नक्षीच्या एका मोठ्या दरवाजातून आत गेले की गल्ल्यांचे जाळे सुरू होते. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला भिंतीला टेकून उभे राहावे लागते. आत मोटार नाही, रिक्षा नाही. सगळे सामान खेचरांच्या आणि गाढवांच्या पाठीवरून जाते.

आमच्या मंडळींत रूपा होती. ती एका बँकेत अधिकारी होती. तिच्यासोबत तिची आई भामाबाई होत्या. वय अडुसष्ट. शहरातल्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी तीस वर्षे शिपायाची नोकरी केली होती आणि एकटीच्या बळावर रूपाला शिकवले होते. खरे तर रूपाची एक मैत्रीण येणार होती. तिचे ऐन वेळी रद्द झाले, म्हणून रूपाने आईला आणले. आईकडून हरवतील म्हणून आईचा पासपोर्ट, हॉटेलचे कार्ड, फोन, सारे काही रूपाने स्वतःच्या पर्समध्ये ठेवले होते.

भामाबाईंचे गुडघे दुखत. त्यात त्यांना प्रत्येक गोष्ट थांबून बघायची असे. मागून खेचर घेऊन येणारा माणूस "बालक! बालक!" असे ओरडला, तर त्या दचकून वळल्या.

"रूपा, कुणाचं लेकरू चुकलं गं? तो माणूस किती हाका मारतोय."

"आई, बालक म्हणजे इथं बाजूला व्हा. लेकरू नाही कुणाचं. चल लवकर."

तरीही भामाबाईंनी मागेपुढे नजर टाकून खात्री करून घेतली. असे दहा वेळा झाले. सकाळी आम्ही एका चामड्याच्या दुकानाच्या गच्चीवर गेलो. खाली चामडे रंगवण्याचे शेकडो गोल हौद होते, लाल, तपकिरी, पिवळे. सगळ्यांनी फोटो काढले आणि चामड्याच्या उग्र वासामुळे नाकाला पुदिना लावून खाली उतरले. भामाबाई मात्र हौदात मांडीपर्यंत उतरलेल्या माणसांकडे बघत राहिल्या. "दिवसभर पाण्यात उभं. पाय काय म्हणत असतील ह्यांचे?" त्या म्हणाल्या. त्यांना उत्तर द्यायला तिथे कोणी उरले नव्हते.

दुपारी जेवणानंतर सकाळपासून सोबत असलेला तिथला वाटाड्या निरोप घेऊन गेला. इंद्रजीत आम्हाला तांबटांच्या चौकात घेऊन आला. चारी बाजूंनी तांब्यावर हातोड्या पडत होत्या. भामाबाई एका पायरीवर बसल्या आणि भल्यामोठ्या हंड्याला पोचे काढणाऱ्या म्हाताऱ्याकडे बघू लागल्या. मंडळी निघायला लागली तरी त्या उठल्या नाहीत. रूपाचा संयम सुटला.

"आई, सगळे तुझ्यासाठी थांबतात. मला लाज वाटते. तुला आणलं हीच माझी चूक झाली."

भामाबाईंनी पदराने तोंड पुसले. रूपा तरातरा पुढे गेली.

त्याच वेळी इंद्रजीतने मला चौकातल्या झाडाच्या बुंध्याला टेकवले होते. कुणीतरी "सगळ्यांचा एक फोटो काढा" म्हणाले, आणि दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून त्याने मला खाली ठेवले. फोटो झाला. कुणाशी तरी बोलत बोलत तो निघाला, आणि मी तिथेच राहिले. इतक्या वर्षांत तो मला पहिल्यांदाच विसरला.

मला पाहिले ते फक्त भामाबाईंनी. "अगं बाई, पोराची छत्री राहिली की!" असे म्हणत त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, माझ्यापर्यंत आल्या आणि मला उचलले. वळून बघतात तर चौकात आपले कोणीच नाही. चौकातून तीन गल्ल्या फुटत होत्या. त्यांनी मधली धरली.

ती चुकीची होती.

आम्ही खूप चाललो. उजवीकडे वळलो, परत फिरलो, पुन्हा वळलो. प्रत्येक भिंत सारखी आणि प्रत्येक दार बंद. ओल्या उतारावर भामाबाईंचा पाय घसरला. त्या हातावर पडल्या. तळवा खरचटला, चिखलाने काळा झाला. मला टेकत टेकत त्या पुढे गेल्या. एका वळणावर भिंतीत बसवलेला नळ होता, त्याच्याभोवती रंगीत फरशीची नक्षी होती. तिथल्या कट्ट्यावर त्या बसल्या आणि मला मांडीवर आडवे घेतले.

"जाऊ दे," त्या हळूच म्हणाल्या. "मोकळी झाली असंल पोरगी. फिरंल जरा मनासारखं."

मित्रांनो, हजारो माणसांना मी वाट दाखवली, पण ज्या बाईने मला उचलले तिला मी काही सांगू शकत नव्हते.

तेवढ्यात पाणी भरायला एक वयस्क बाई आल्या. त्यांचे नाव रहमा, हे आम्हाला नंतर कळले. त्यांनी भामाबाईंचा हात पाहिला आणि आपल्या पिशवीतून एक वडी काढून पुढे केली.

"साबून," त्या म्हणाल्या.

भामाबाईंनी मान वर केली. "साबन? व्हय व्हय, साबनच की!"

रहमाबाईही चकित झाल्या. त्यांनी बोट भामाबाईंकडे वळवून विचारले, "मुसाफिरा?"

"व्हय बाई, मुसाफिर. लई लांबची."

"हिंद?"

"हिंद, हिंद!" भामाबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. आमच्या शहरातल्या मोहल्ल्यात शेजारणींशी बोलताना त्या हेच शब्द रोज वापरत आल्या होत्या. हे शब्द समुद्रापलीकडून कधी आणि कसे आले, हे दोघींनाही ठाऊक नव्हते. रहमाबाईंनी त्यांचा हात धुतला आणि त्यांना आपल्या घरी नेले. खुर्ची ओढून "कुर्सी" म्हणाल्या. पुदिन्याचा चहा केला, साखरेचा खडा दाखवून "सुक्कर?" विचारले. भामाबाई रडू लागल्या तेव्हा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "सबर, सबर."

"सबूर," भामाबाई म्हणाल्या. "तेच करतेय बाई जन्मभर."

पण आपली माणसे हरवली आहेत हे कसे सांगायचे? शब्द संपले होते. भामाबाईंनी मला उघडले, उंच धरले आणि खोलीतल्या खोलीत चालून दाखवले. मागे हात करून, ओळीने माणसे येतात असे दाखवले. मग मागे वळून रिकामी जागा दाखवली.

रहमाबाईंना सगळे कळले. त्यांनी बोट वर केले. घराला गच्ची होती.

जिना उभा होता आणि पायऱ्या गुडघाभर उंच होत्या. मी मोजल्या, एकतीस. प्रत्येक पायरीवर भामाबाईंच्या तोंडून कण्हणे निघत होते, पण त्या थांबल्या नाहीत. वर आल्यावर सगळीकडे गच्च्याच गच्च्या दिसल्या, मातकट, वाळत घातलेल्या कपड्यांनी भरलेल्या. भामाबाईंनी मला दोन्ही हातांनी डोक्यावर धरले. ऊन रणरणत होते. रहमाबाई मधूनमधून त्यांना पाणी पाजत होत्या आणि "आता मी धरते" अशी खूण करत होत्या. भामाबाई मान हलवत. "नाय. माझी पोरगी आहे. मीच धरते."

मग वारा सुटला. एका झोतात मी उलटी झाले आणि माझ्या दोन काड्या कडाकडा मोडल्या. कापड फाटले. भामाबाईंनी मला ओढून सरळ केले आणि पुन्हा वर धरले. कितीतरी वेळ गेला. जवळपास दोन तास असतील.

खाली काय चालले होते ते मला नंतर इंद्रजीतच्या बोलण्यातून कळले. आई मागे नाही हे रूपाला अर्ध्या तासाने समजले. ती चौकात परतली, तर तिथे ना आई होती, ना छत्री; मग ती वेड्यासारखी गल्ल्यांतून धावत सुटली. पाच वाजता आमची बस विमानतळाच्या गावी निघणार होती. काकासाहेब नावाचे एक गृहस्थ म्हणाले, "एका बाईपायी सगळ्यांची विमानं चुकवायची का?" इंद्रजीतने त्यांना शांतपणे सांगितले, "बावीस जण आणलेत, बावीस घेऊन जाईन. बस थांबंल." शेवटी रूपाला सकाळची चामड्याच्या दुकानाची गच्ची आठवली. ती धावत वर गेली. आणि दूर, त्या मातकट गच्च्यांमध्ये, तिला एक पिवळा ठिपका दिसला.

दुकानातल्या माणसाने ते घर ओळखले आणि वाट दाखवली. रूपा जिना चढून वर आली तेव्हा भामाबाई डोळे मिटून उभ्या होत्या. हात वरच होते.

"आई, खाली घे हात. मी आले."

भामाबाईंना हात खाली घेता येईना. बोटे माझ्या मुठीवर आखडून गेली होती. रूपाने एकेक बोट हळूहळू उलगडले, जसे लहान मुलाच्या मुठीतून काही सोडवून घ्यावे तसे. मग ती तिथेच आईच्या पायाशी बसली. तिने पर्समधून पासपोर्ट, कार्ड आणि फोन काढला आणि आईच्या कमरेच्या पिशवीत ठेवला.

"माझ्याकडनं हरवंल की गं," भामाबाई म्हणाल्या.

"मी तुला हरवलं, आई," रूपा म्हणाली.

बस पावणेसहाला निघाली. काकासाहेब आपल्या जागेवरून उठले, भामाबाईंची पिशवी त्यांनी स्वतः वर चढवली आणि खिडकीची जागा त्यांना दिली. इंद्रजीतने भामाबाईंसमोर मान खाली घातली. "मावशी, चूक माझी. ही छत्री आता तुमच्याजवळच असू द्या." त्या दिवसापासून तो सहलीत सर्वांच्या शेवटी चालतो, असे रूपा सांगते.

अशी मी या घरात आले. छत्री दुरुस्त करणाऱ्याने मला पाहून "नवीनच घ्या" असे सांगितले, पण भामाबाईंनी मला खुंटीवर मानाने लावले. फेझहून निघताना रूपाने रहमाबाईंना आपला नंबर दिला होता. दर शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा व्हिडिओ फोन येई. रूपा तो उचलून आईसमोर धरी. पडद्यावर दोघी एकमेकींना वस्तू दाखवत, नावे सांगत आणि मनापासून हसत. रूपा बाजूला बसून ऐकत असे. आता ती आईला घाई करत नसे.

गेल्या हिवाळ्यात भामाबाई आजारी पडल्या. पाचव्या दिवशी पहाटे त्या गेल्या. घर माणसांनी भरले आणि रिकामे झाले. मग शुक्रवार आला आणि फोन वाजला. रहमाबाई नेहमीसारख्या हसत होत्या. हातात काहीतरी दाखवायला आणले होते. त्या पडद्यात इकडे तिकडे बघून भामाबाईंना शोधू लागल्या.

रूपाला त्यांची भाषा येत नव्हती. शेवटी तिच्या तोंडून आपल्याकडचाच शब्द निघाला.

"आई मयत झाली."

रहमाबाईंच्या हातातली वस्तू खाली गेली. "मय्यता," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. त्यांना तो शब्द समजावून सांगावा लागला नाही. बराच वेळ दोघी नुसत्या एकमेकींकडे बघत रडत होत्या. मग रहमाबाईंनी आपला तळवा पडद्यावर ठेवला आणि त्या एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणू लागल्या, "बिंती, बिंती." रूपाने दुसऱ्या दिवशी इंद्रजीतला त्याचा अर्थ विचारला. तिकडे आई आपल्या लेकीला अशी हाक मारते, असे त्याने सांगितले.

मित्रांनो, मला नवी काडी बसवा असे मी कुणाला म्हणत नाही. माझे काम होऊन गेले. माझी एवढीच विनवणी आहे, की सहलीला जाल तेव्हा तुमच्यातले कोण मागे राहिले आहे ते वळून बघा. ते माणूस कशापाशी थांबले आहे ते विचारा, आणि त्याच्याजवळ उभे राहून तेही बघा. शहरे हजार वर्षे उभी असतात. ती आणखी पाच मिनिटे थांबतील. माणूस थांबेलच असे नाही.