पेवातला प्रलय

माघातल्या अमावास्येला दोन प्रहरी जगाचा अंत होणार, असे टेंभुर्णीच्या बाजारात जाहीर झाले, तेव्हा लोकांनी आधी भाजी घेतली आणि मग तो अंत पाहण्यासाठी गर्दी केली. युरोपात लढाई पेटलेली होती. जालन्याच्या स्टेशनातून लष्करी गाड्या जात होत्या आणि आभाळातून आग टाकणाऱ्या विमानांच्या कथा बैलगाड्यांबरोबर खेड्यांत पोहोचत होत्या. कडूबा पेटीवाल्याचे निम्मे काम त्यामुळे आधीच झालेले होते. त्याच्याजवळ एक रंगवलेली लाकडी पेटी होती. प्रेक्षक तिच्या भिंगांना डोळे लावून बसत, कडूबा वरून दोरी ओढी, आणि आत एकामागून एक चित्रे सरकत: फाटलेले आभाळ, पेटलेली गुरे, वाट फुटेल तिकडे धावणारी माणसे. दुसऱ्या हाताने तो डफ वाजवी.

"देखो, आसमान फटा देखो. राजा जला, रंक जला देखो."

पाहणाऱ्यांना भीती वाटे, हे खरे. ती भीती त्यांना गोड लागे, हे अधिक खरे. एकदा पाहून उठलेला माणूस पुन्हा मागे जाऊन उभा राही. शेजाऱ्याचे घर जळताना पाहण्याची जी चोरटी ओढ माणसाच्या मनात असते, तिला या पेटीने धर्मश्रवणाची प्रतिष्ठा मिळवून दिली होती.

गावातले एक जमीनदार काकासाहेब यांना ही प्रतिष्ठा खपण्यासारखी नव्हती. वाद अर्धवट टाकून उठणे त्यांना जेवण टाकून उठण्यासारखे वाटे. ते पेटीसमोर येऊन उभे राहिले.

"कडूबा, मागल्या बाजाराला हसनाबादेत तू जग पाण्यात बुडवलंस. हितं जाळून राह्यलास. दोन्हीतलं एक काय ते ठरव."

"तिथं नदी हाय, मालक," डफ न थांबवता कडूबा म्हणाला. "तिथल्या लोकाला पाण्याचंच भ्या वाटतं."

लोक हसले.

"आन् वाचणार कोण?"

"तिथं टेकाडावर चढतील ते. हितं जिमिनीच्या पोटात शिरतील ते. तुमच्या गावात धान्याची पेवं हायेत न्हवं?"

काकासाहेबांना वाटले, वाद संपला. प्रतिपक्षाने स्वमुखाने कबुली दिली, आता सिद्ध करायचे उरले काय? पण त्यांची गफलत इथेच झाली. श्रोत्यांनी कबुली ऐकलीच नव्हती. त्यांनी फक्त लपण्याची जागा ऐकली होती.

"लेकरू लहान असलं तर आत चालतं का?" गर्दीतून कोणी तरी विचारले.

विचारणारा काकासाहेबांचा धाकटा भाऊ धर्मराज होता. त्याची दोन लेकरे तापात गेली होती. तिसरे बायकोपाशी, उषाबाईपाशी, पाळण्यात होते. काकासाहेबांना हे ठाऊक होते, पण त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांसमोर भाऊ नव्हता, प्रतिपक्षाकडे गेलेला एक साक्षीदार होता.

"लेकराला काखेत घे अन् बायकोच्या पदराखाली दड," ते म्हणाले. "जगबुडी तिथवर येत न्हाई."

बाजार खळखळून हसला. धर्मराज हसला नाही, रागावलाही नाही. तो मान खाली घालून निघून गेला, आणि त्या दिवसापासून त्याने थोरल्या घरचा उंबरा ओलांडला नाही.

अमावास्येच्या दिवशी दुपार कलता कलता काकासाहेब शेतावर गेले, तर धर्मराजाचे बैल मोकळे सुटून उभ्या ज्वारीत चरत होते. कणसे भरलेली होती. दाव्याला धरून बाहेर काढावे म्हणून ते बैलांकडे गेले, तर बैलांच्या गळ्यात दावे नव्हते. कोणी तरी ते मुद्दाम सोडून घेतले होते. काकासाहेब जागीच थांबले. शेतकरी उभ्या पिकात बैल केव्हा सोडतो? ते पीक कापायला कोणी उरणार नाही अशी त्याची खात्री असते तेव्हा. आणि दावे का काढतो? बांधलेले जनावर आगीत सापडू नये म्हणून.

गावाच्या वाटेवरच त्यांना झुंबरबाई, त्यांची बायको, धापा टाकत भेटली.

"अवो, धाकल्या घरी चूल थंड हाय. पाळणा बी रिकामा. उषाबाईचा पत्ता न्हाई."

काकासाहेब तसेच वळले. ते पांढरीकडे, गावाजवळच्या पांढऱ्या मातीच्या पट्ट्याकडे, पळत सुटले. साऱ्या गावाची पेवे तिथेच होती.

धान्य साठवण्याचे हे खड्डे घागरीसारखे असतात: तोंड एका माणसापुरते, पोट मात्र खोलीएवढे. तोंडावर शिळा ठेवून मातीने लिंपले की धान्य वर्षानुवर्षे टिकते. पण बंद पेवातली हवा मरते; तळाचे धान्य ओलावले असेल तर लवकरच मरते. म्हणून पेव उघडल्यावर ते वाऱ्याला ठेवायचे, मग दोरीने दिवा आत सोडायचा, आणि दिवा जळत राहिला तरच माणसाने उतरायचे, ही रीत तिथल्या पोरासोरांनाही पाठ असते.

धर्मराजाच्या पेवाची शिळा ताज्या, ओल्या मातीने लिंपलेली होती. तिच्यावर धुळाजी धनगर काठी आडवी घेऊन बसला होता आणि भोवती त्याची मेंढरे पसरली होती.

"ऊठ," काकासाहेब म्हणाले.

"न्हाई, मालक. बिरोबाच्या भंडाऱ्यावर हात ठेवलाय मी. दिवस मावळल्याबिगर ही शिळा हलवायची न्हाई."

"आत कोण कोण हाय?"

"तिघं बी."

"तू का न्हाई उतरलास?"

"मेंढरं मावत न्हाईत," धुळाजी म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर विनोदाचा लवलेश नव्हता.

"त्यानं मला का न्हाई इचारलं?"

"तुमाला?" धुळाजीने प्रथमच त्यांच्याकडे नीट पाहिले. "तुमाला सांगू नको, ही पहिली अट व्हती. भर बाजारात दात काढतील, म्हणला."

काकासाहेबांच्या मनात हजार शब्द आले. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"दिवा सोडला होता का?"

"मंग? येडे हाओत का आमी? काल दिवसभर पेव उघडं ठेवलं, आज दिवा सोडला. बिलकुल बराबर जळला."

"तोंड उघडं असताना जळला."

"व्हय."

"आन् शिळा ठेवल्यावर?"

"शिळा ठेवल्यावर दिवा सोडणार कुठून..." धुळाजीचे वाक्य अर्ध्यातच तुटले. त्याची काठी किंचित खाली आली.

"तळाला ज्वारी हाय?"

"हाय. बूड ओलावलंय, म्हणत व्हता."

"मघापासून आवाज आला का आतून?"

"लेकरू रडत व्हतं," धुळाजी हळू म्हणाला. "मंग निजलं."

काकासाहेबांनी दगड उचलून शिळेवर ठोकला. पुन्हा ठोकला. खालून काहीही आले नाही. धुळाजी उठून बाजूला झाला; पण त्याने शिळेला हात लावला नाही. काकासाहेबांनी नखांनी माती उकरली, खांदा लावला आणि शिळा सरकवली. आतून आंबूस, उबट वाफ आली. झुंबरबाईने धावत आणलेला दिवा त्यांनी दोरीने सोडला. तो हातभर खाली गेला आणि विझला.

"धर्मा," त्यांनी हाक मारली आणि धोतर खोचून पाय आत घातले. त्याच क्षणी धुळाजीने त्यांना मागून कवेत घेऊन बाहेर ओढले.

"मुडदे कमी पडून राह्यलेत का, मालक? आधी वारा घाला."

आयुष्यभर ज्यांनी प्रत्येक रीतीला कारण विचारले, त्यांना या एका रीतीचे कारण पुरते ठाऊक होते, आणि म्हणूनच ती असह्य होती. भाऊ खाली पडलेला असताना वर उभे राहून कडुनिंबाची डहाळी पेवात खालीवर करायची, सुपाने वारा घालायचा, पाण्याचे शिंतोडे मारायचे, आणि थांबायचे. ते डहाळी हलवत राहिले. बातमी पसरली तशी माणसे जमली. बाजारात पेटीला डोळे लावणारी बरीचशी तीच होती. एकजण वाकून आत पाहत होता आणि काय दिसते ते मागच्याला सांगत होता.

"बाजूला व्हा," काकासाहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले. "तुमच्या बघण्यानं त्यांची हवा कोंडते."

ज्याने कधी गाव गाजवले तो आवाज इतका खाली आला होता, की लोक मुकाट्याने मागे सरले.

मग तोंडाच्या खाली, हाताच्या टप्प्यापलीकडे, एक पांढुरकी वस्तू हलली. ती लेकराची मूठ होती. उषाबाई ज्वारीच्या ढिगावर, भिंतीला टेकून उभी होती. डोळे मिटलेले, आणि दोन्ही हात वर, त्यांत ते मूल, जितके वर धरता येईल तितके. तिने ते किती वेळ धरले होते ते तिलाही सांगता आले नसते. वारा लागताच मूल एकदा आचके देऊन रडले. ते रडणे ऐकून झुंबरबाई पेवाच्या तोंडाशी सरकली.

दुसऱ्यांदा सोडलेला दिवा फडफडला, पण विझला नाही. काकासाहेबांनी कमरेला दोर बांधला आणि दुसरे टोक धुळाजीपुढे धरले. धुळाजीने बाजूला सरकवलेल्या शिळेकडे पाहिले.

"शपथ शिळेची व्हती," तो स्वतःशीच म्हणाला. "दोराची न्हवती." आणि त्याने दोर मनगटाला दोन वेढे देऊन घट्ट धरला.

आधी लेकरू वर आले, मग उषाबाई. धर्मराज तळाशी, ढिगाच्या उतारावर पालथा पडला होता. त्याला उचलताना काकासाहेबांचे कान वाजू लागले, हात आपले नाहीतसे झाले. गाठ कशी मारली ते त्यांना आठवले नाही. दोघांना वर ओढले तेव्हा धर्मराजाचे ओठ जांभळे झाले होते आणि छाती हलत नव्हती. झुंबरबाई त्याच्या तोंडावर पाणी मारीत राहिली. काकासाहेब त्याच्या छातीवर हात टेकून बसले.  मेंढरे तेवढी गवत तोडत होती.

मग धर्मराजाने एक लांब, कर्कश श्वास घेतला. खोकला. ओकला. पुन्हा श्वास घेतला.

डोळे उघडले तेव्हा मावळतीकडे आभाळ तांबडे झाले होते. तो त्या तांबड्याकडेच पाहत राहिला.

"दादा," तो म्हणाला, "किती जळलं?"

उत्तर उषाबाईने दिले. थोरल्या दिरासमोर ती आजवर मोठ्याने बोलली नव्हती.

"काय न्हाई जळलं. चूल बी न्हाई."

धर्मराजाने पेवाच्या उघड्या तोंडाकडे पाहिले. मग त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरले.

"मंग आपण आत व्हतो म्हणून वाचलो."

"बराबर हाय," गर्दीतून कोणी तरी म्हणाले, आणि दोघातिघांनी माना हलवल्या.

काकासाहेबांनी तोंड उघडले. उत्तर तयार होते. बाहेर राहिलेले सारे गाव त्या उत्तराच्या बाजूने साक्षीला उभे होते. त्यांनी भावाच्या नखांकडे पाहिले. नखे अजून निळी होती.

"उद्या भांडू," ते म्हणाले, आणि त्याला पाठीवर घेण्यासाठी खाली वाकले.