पिवळा पत्रा

आमच्या गावात जानेवारीत गोफणीची पैज लागते. ज्वारी हुरड्यात असते, पाखरं हाणून हाणून सगळ्यांचे हात बसलेले असतात. सोयाबीन निघालेल्या मोकळ्या रानात, दीडशे पावलांवर, ट्रॅक्टरच्या नांगराची जुनी पोलादी डिस्क टांगतात आणि गोट्यानं ती वाजवायची. पण वारं सुटलं, माणसं ओरडायला लागली, की तिकडचं ठण्ण अर्ध्यांना ऐकू येतं, अर्ध्यांना नाही. गेल्या वर्षी लिंबाजीकाका 'लागला' म्हणून अडून बसले आणि माझे सासरे तात्याराव 'न्हाई लागला' म्हणून. दोघं पार पोळ्यापर्यंत बोलले नाहीत.

म्हणून यंदा मामांनी (सासऱ्यांना मी मामाच म्हणते) मला सांगितलं, तू बीएस्सी झालीस, लागलेला गोटा डोळ्याला दिसंल असं कायतरी कर.

मला तेव्हा वेगळ्याच ऐकण्याची काळजी होती. माझी आम्रपाली दीड वर्षाची. कुकरची शिट्टी होते, ती मान वर करत नाही. हाक मारली की कधी बघते, कधी नाही; बघते तेव्हा माझी सावली तिच्यावर पडली होती का, हेच मी आठवत बसते. पालमच्या डॉक्टरांनी परभणीला कानाची तपासणी करायला चिठ्ठी दिली होती. सोमवारची तारीख. घरात ही तपासणी कुणालाच नको होती. धम्मदीप, माझा नवरा, म्हणायचा, मी तरी तीन वर्षांचा होईस्तोवर कुठं बोलत होतो. सासूबाईंचं म्हणणं, पोरीच्या कानाला एकदा मशीन लागलं की जन्मभर लोक तेच बघणार.

पैजेचं काम सोपं निघालं. तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, पिवळाधमक रंगवला, डिस्कच्या वर बिजागरीवर उभा केला आणि मागून तारेचा आकडा लावला. गोटा लागून डिस्क हलली की आकडा सुटायचा, पत्रा पडायचा. जाड तार घेतली तर ओझरता गोटा कळेना, म्हणून बारीक घेतली. बांधाआड बसून पत्रा परत उभा करायचं काम धम्मदीपकडे.

शनिवारी सराव झाला. मामांचा पहिला गोटा लागला, पत्रा पडला आणि माझ्या मांडीवर आमूनं टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यालाही वाजवल्या. पाच गोटे, पाचही वेळा. सासूबाईंनी तिथल्या तिथं तिच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. दीडशे पावलांवरचं ऐकते माझी नात, असं सांगत त्यांनी चार घरी साखर वाटली. आता कशाला परभणी, मामा म्हणाले. मी चिठ्ठी पिठाच्या डब्याखाली सरकवली. मलाही तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू.

तरी संध्याकाळी तिच्या पाठीमागं मी दोनदा ताट आपटलं. ती वळली नाही. भात वेचून खाण्यात लक्ष असेल, अशी मीच माझी समजूत काढली. मग कुणी बघितलं तर नाही ना, म्हणून दाराकडे पाहिलं.

रविवारी सगळं गाव रानात. वारं सकाळपासूनच होतं. लिंबाजीकाका रेघेवर उभे राहून गोफणीत गोटा बसवत होते, एवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला आणि पत्रा आपला आपणच पडला. डिस्क वाजली नाही. कुणी ओरडलं नाही. एवढ्या माणसांत एकटी आमू टाळ्या वाजवत होती.

"तात्या," लिंबाजीकाका म्हणाले, "गोटा आजून माझ्या हातात हाय, आन् तुझी नात नंबर देऊन मोकळी झाली."

सगळे हसले. मामा हसले, सासूबाईही हसल्या.

मी आमूला उचललं आणि मांडीवर उलटं बसवलं. डिस्ककडे, माणसांकडे तिची पाठ, तोंड माझ्याकडे. लिंबाजीकाकांचा गोटा गेला. ठण्ण. लोकांनी आरोळी दिली. आमू माझी बांगडी नखानं खरवडत होती. पुढचा वाजला, त्याच्या पुढचा वाजला. चौथा मामांचा, अगदी मधोमध. बांधावरचं कुत्रं दचकून उठलं आणि भुंकायला लागलं. आमूनं पहिली बांगडी सोडली आणि दुसरी धरली.

मान वर केली तर मामा रेघेवरून माझ्याकडेच बघत होते. गोफण हातात तशीच लोंबत होती. आजून एक गोटा राहिलाय तुझा, असं लिंबाजीकाका त्यांना सांगत होते. ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. जवळ आले, आमूच्या पाठीमागं उकिडवे बसले आणि पाखरं हाकलायच्या आवाजात त्यांनी हाक मारली, "आमे."

पुन्हा मारली. आमू माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"कवा कळलं तुला?" त्यांनी विचारलं.

"आत्ता," मी म्हणाले. मग म्हणाले, "नाही मामा. लय दिवस झाले."

मामांनी पायाजवळचं ढेकूळ मुठीत चुरलं. सासूबाई मागून काहीतरी म्हणायला लागल्या, चारचौघांत नको वगैरे, तर त्यांनी हातानंच थांबवलं. राहिलेला गोटा खिशातून काढून मातीत टाकला.

"उद्याची पयली गाडी किती वाजता हाय?"

"सव्वासहा."

"मग चिठ्ठी काढून ठिव. मी बी येतो."

तिकडं धम्मदीपनं पत्रा उभा करून हात हलवला. त्याला अजून कशाचाच पत्ता नव्हता. आमू माझ्या मांडीवर वळवळ करायला लागली, तशी मी तिला परत डिस्ककडे तोंड करून बसवलं. पिवळा ठिपका दिसताच ती गप्प झाली आणि दोन्ही हात जवळ आणून वाट बघत बसली.